गॅनाडोची नर्सिंग शाळा: नवाहो मुलुखातल्या एका मिशनचं प्रकरण

१९३० साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, नवाहो लोकांच्या राखीव प्रदेशात, गॅनाडो नावाच्या छोट्या वस्तीत एक नवं रुग्णालय सुरू झालं. बांधकाम दगडी, खाटा सुमारे ७५. नाव ‘सेज मेमोरियल’, कारण पैसा रसेल सेज या धनाढ्याच्या पत्नी ऑलिव्हिया सेज यांच्या मागे राहिलेल्या संपत्तीतून आला होता. चालवणारं प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या चर्चचं मिशन होतं. रेल्वेचं गाव म्हणजे न्यू मेक्सिकोतलं गॅलप, नव्वदेक किलोमीटरवर. मधला रस्ता मातीचा. हिवाळ्यात बर्फ आणि बर्फ वितळलं की चिखल.

इमारत उभी राहिली, पण एवढ्या खाटांना नर्स कुठून आणायच्या? पूर्वेकडच्या शहरांतून गोऱ्या नर्स आणाव्यात तर त्या एवढ्या आडजागी टिकायच्या नाहीत. टिकल्या तरी रुग्णाशी बोलणार कशा? रुग्णांपैकी बहुतेकांना नवाहो भाषेखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. दुसरा मार्ग म्हणजे नवाहो मुलींना हाताखालच्या मदतनीस म्हणून घ्यायचं, चादरी बदलायला, भांडी उकळायला, दुभाष्याचं काम करायला. त्या काळी सरकारी विचारही साधारण तिथपर्यंतच जात होता. आदिवासी मुलगी मदतनीस होईल, नोंदणीकृत नर्स होणार नाही, असं अनेकजण गृहीत धरून चालले होते.

गॅनाडोच्या मिशनने तिसरा मार्ग धरला. रुग्णालयाबरोबर त्याच वर्षी नर्सिंगची शाळा काढली. पूर्ण अभ्यासक्रमाची, ॲरिझोनाच्या राज्य मंडळाची मान्यता घेतलेली, आणि खास आदिवासी मुलींसाठी. गोऱ्या मुली ज्या परीक्षेला बसत त्याच परीक्षेला इथल्या मुलींनीही बसायचं. १९३३ मध्ये पहिल्या दोघी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या, ॲडेल स्लिव्हर्स आणि रूथ हेंडरसन. दोघीही नवाहो.

मिशनच्या समाजकार्याबद्दल बोलताना आपण बहुधा किती रुग्ण तपासले, किती कपडे वाटले, किती मुलं शाळेत घातली हे मोजतो. गॅनाडोचं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. इथे मिशनने एक नेमकं कौशल्य, त्याच्या पूर्ण दर्जासकट, स्थानिक मुलींच्या हाती दिलं. आणि ते देताना त्यांच्याकडून जे मागितलं तेही मोठं होतं. या दोन्ही बाजू एकत्र धरल्याशिवाय हे प्रकरण नीट समजत नाही.

आधीची परिस्थिती

नवाहो लोक स्वतःला दिने म्हणवतात. १८६४ पासून अमेरिकन सैन्याने त्यांना घरादारातून उठवून सुमारे पाचशे किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडो इथे नेलं. आठ हजारांहून जास्त माणसं तिथे चार वर्षं डांबलेली होती. पाणी खारट, पिकं बुडालेली, रोगराई आणि उपासमार. १ जून १८६८ ला तह झाला आणि त्यांना आपल्या मुलुखात परतता आलं. अशी परतण्याची संधी अमेरिकेतल्या फार थोड्या आदिवासी समाजांना मिळाली. त्या तहावर सहीऐवजी फुली मारणाऱ्या पुढाऱ्यांपैकी एक होते गॅनाडो मूचो. वस्तीचं नाव त्यांच्यावरून पडलं.

तहात सरकारने शाळा आणि शिक्षक देण्याचं कबूल केलं होतं. शाळा आल्या त्या बऱ्याचशा निवासी. मुलांना घरापासून तोडून, केस कापून, मातृभाषा बोलल्यावर शिक्षा करून शिकवणाऱ्या. १८९२ साली राउंड रॉक इथे ब्लॅक हॉर्स नावाच्या पुढाऱ्याने आणि त्याच्या माणसांनी मुलं गोळा करायला आलेल्या सरकारी अधिकाऱ्याला मारहाण केली, ती याच रागातून. १९२८ मध्ये सरकारच्याच सांगण्यावरून झालेल्या मेरियम पाहणीने लिहून ठेवलं की निवासी शाळांत एका मुलाच्या रोजच्या जेवणावर सरासरी अकरा सेंट खर्च होतो. त्याच अहवालात आदिवासींमधला क्षय, डोळ्यांच्या खुपऱ्या आणि बालमृत्यू यांचं चित्रही आहे.

खुपऱ्यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण दवाखान्यावरचा विश्वास कसा जातो ते तिच्यातून दिसतं. १९२०च्या दशकात सरकारने नैऋत्येकडच्या आदिवासी भागांत खुपऱ्यांविरुद्ध मोहीम काढली. डॉक्टर गावोगाव फिरून पापण्यांवर शस्त्रक्रिया करत सुटले, पापणीतला कूर्चेचा भाग काढून टाकण्याची मूलगामी शस्त्रक्रियासुद्धा. कितीतरी जणांचा आजार उलटून आला. काहींच्या पापण्या कायमच्या बिघडल्या. ज्या बाईने हे आपल्या आईच्या डोळ्यांबाबत पाहिलं, तिला नंतर ‘दवाखान्यात चल’ म्हणणं सोपं नव्हतं.

गॅनाडोचं मिशन १९०१ सालचं. तिथे जॉन लोरेन्झो हबेल या व्यापाऱ्याचं दुकान होतं. लोकर, मेंढ्या आणि विणलेल्या सतरंज्या घ्यायच्या, पीठ, कॉफी, कापड द्यायचं, असा त्याचा व्यवहार. हबेल स्वतः कॅथलिक, तरीही प्रेस्बिटेरियन मिशनरी जोडपं आलं तेव्हा त्याने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. मिशनने आधी शाळा काढली, मग १९११ मध्ये छोटा दवाखाना. १९२७ साली क्लॅरेन्स साल्सबरी हे डॉक्टर पत्नी कोरा यांच्यासह इथे आले. त्याआधी ते चीनमध्ये हैनान बेटावर मिशनच्या रुग्णालयात होते. गॅनाडोत ते १९५० पर्यंत राहिले. रुग्णालय आणि नर्सिंगची शाळा ही मुख्यतः त्यांच्या चिकाटीची कामं.

त्यांच्या काळात मिशन म्हणजे एक छोटं गावच झालं. स्वतःची वीज, स्वतःचं पाणी, दूधदुभत्याची व्यवस्था, शेती, धुलाईघर, चर्च, शाळा, वसतिगृहं. आजूबाजूला मात्र मैलोन्‌मैल विखुरलेली होगन, म्हणजे लाकूड-मातीची, पूर्वेला दार असलेली नवाहो घरं. कुठल्याही दोन घरांमध्ये हाकेचं अंतर नाही. मेंढ्यांच्या चरणीप्रमाणे कुटुंबं जागा बदलायची. रुग्ण यायचा तो घोड्यावरून किंवा लाकडी गाडीतून, आणि बहुधा उशिरा यायचा, घरचे सगळे उपाय थकल्यावर.

मृत्यूची भीती आणि वॉर्डातली मुलगी

या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग इथे आहे.

नवाहो परंपरेत मृतदेहाला आणि मृत्यू घडलेल्या जागेला फार जपावं लागतं. माणूस गेल्यावर त्याच्यातलं जे अशुभ ते मागे राहतं आणि जवळ येणाऱ्याला आजारी पाडतं, अशी धारणा. होगनमध्ये मृत्यू झाला तर उत्तरेकडची भिंत फोडून प्रेत बाहेर काढायचं आणि ते घर कायमचं सोडून द्यायचं. अंत्यविधी करणाऱ्यांनी चार दिवस वेगळं राहून शुद्ध व्हायचं. म्हणून शक्य असेल तेव्हा घरात मरण येऊ नये, मरणाच्या दारातल्या माणसाला आधीच बाहेर हलवावं, अशी रीत होती.

आता या नजरेने रुग्णालयाकडे पाहा. ज्या खोलीत काल कोणी गेलं, त्याच खोलीत आज दुसऱ्याला झोपवतात. ज्या पलंगावर मरण आलं तो पलंग जाळत नाहीत, पुसून पुन्हा वापरतात. नवाहो माणसाला रुग्णालयाची भीती वाटायची ती अडाणीपणाने नव्हे, त्याच्या जगाच्या समजुतीतून सरळ निघणारा तो निष्कर्ष होता. याच भीतीपोटी लोक प्रेतं पुरण्याचं काम व्यापाऱ्यांवर आणि मिशनऱ्यांवर सोपवायचे. सगळ्या नवाहो मुलुखात मिशनऱ्यांच्या वाट्याला आलेलं हे एक मोठं, फारसं न बोललं गेलेलं समाजकार्य. एखाद्या घरातून निरोप यायचा आणि मिशनऱ्याने फावडं घेऊन जायचं. घरच्यांनी लांब उभं राहायचं. लोकांच्या मनात मिशनबद्दल आपलेपणा निर्माण झाला असेल तर त्यात प्रवचनांपेक्षा या खड्डे खणण्याचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं.

अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी याच संस्कारात वाढलेली. तिने नर्सिंगच्या शाळेत नाव घातलं की शरीररचनेच्या वर्गात मानवी सांगाडा समोर येतो. वॉर्डात रात्रपाळी असते. पहाटे एखादा म्हातारा जातो. त्याचे डोळे मिटायचे, अंग पुसायचं, हातपाय सरळ करायचे, चादरीत गुंडाळायचं, हे काम नर्सचं. ते तिने करायचं आणि लगेच शेजारच्या खाटेवरच्या बाळाला दूध पाजायचं. सुट्टीत घरी गेली की आजी विचारणार, तू प्रेताला हात लावलास का? हो म्हणावं तर आजी घरात घ्यायला कचरेल, किंवा शुद्धीचा विधी करायला लावेल, आणि विधी केला हे मिशनमध्ये कळलं तर तिथे नाराजी.

काही मुली हे झेपलं नाही म्हणून सोडून गेल्या. ज्या टिकल्या त्यांनी आपापल्या परीने वाट काढली. पुस्तकी अभ्यासापेक्षा ही परीक्षा अवघड होती आणि ती घेणारं कुठलंच राज्य मंडळ नव्हतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे अगदी परकं वाटायला नको. मिरजेचं वॉनलेस रुग्णालय आपल्याला ठाऊक आहे. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं. त्यांना पाठवणारं चर्च हेच, अमेरिकेतलं प्रेस्बिटेरियन चर्च. त्याचं परदेशी कामाचं मंडळ मिरज-कोल्हापूरकडे पाहायचं, देशांतर्गत कामाचं मंडळ गॅनाडोकडे. आपल्याकडेही परक्याची विष्ठा, रक्त, प्रेत यांना हात लावण्याचं काम हलकं आणि विटाळाचं मानलं गेलं. सवर्ण घरांनी मुलींना नर्सिंगपासून दूर ठेवलं, आणि मिशनच्या रुग्णालयांत पांढरा गणवेश चढवून पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या मुख्यतः ख्रिस्ती मुली. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की आपल्याकडची अडचण जातीच्या उतरंडीतून आली होती. नवाहो समाजात अशी उतरंड नव्हती, तिथे भीती सगळ्यांना सारखीच होती. त्यामुळे तिथली मुलगी नर्स झाली म्हणून तिची पत उतरली नाही. उलट, जे करायला कोणी धजत नाही ते करणारी म्हणून तिच्याकडे थोड्या धाकाने आणि थोड्या आदराने पाहिलं गेलं असणार.

दर्जा का महत्त्वाचा ठरला

मदतनिसाऐवजी पूर्ण नर्स घडवायच्या, हा निर्णय मिशनने घेतला त्यामागे गरज होती हे खरंच. त्या काळातल्या सगळ्याच रुग्णालयीन शाळांप्रमाणे इथेही विद्यार्थिनी वॉर्डात राबत राबतच शिकायच्या. म्हणजे रुग्णालयाला मनुष्यबळ मिळायचं. तरीही मिशनला हाच फायदा स्वस्तात, मदतनिसांच्या वर्गातून, उकळता आला असता. १९३०च्या दशकात सरकारने ओक्लाहोमात आदिवासी मुलींसाठी जो वर्ग काढला तो मदतनिसांचाच होता.

राज्य मंडळाची परीक्षा आणि नोंदणी यामुळे पुढे काय घडलं ते पाहा. गॅनाडोतून बाहेर पडलेल्या मुलीला मिशनबाहेरच्या रुग्णालयांतही नर्स म्हणून नोकरी मागता येत होती. तिचा पगार, तिचा हुद्दा मिशनच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. मिशनवर राग आला तर ती निघून जाऊ शकत होती. दान घेणाऱ्याला हा हक्क सहसा नसतो. मला वाटतं, गॅनाडोच्या शाळेने दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, निघून जाता येण्याची मोकळीक. मदतनिसाचं प्रशिक्षण घेतलेली मुलगी जिथे शिकली तिथेच कामाला बांधलेली राहते. नोंदणीकृत नर्स राहत नाही.

बातमी पसरली तशा दूरदूरच्या जमातींतल्या मुली येऊ लागल्या. होपी, कायोवा, अलास्कातल्या. हवाईतल्या आणि मेक्सिकन वंशाच्याही आल्या. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत स्थानबद्ध केलं होतं, त्या समाजातूनही गॅनाडोत प्रवेश झाला. पश्चिम किनाऱ्यावरच्या बड्या बड्या रुग्णालयांची दारं त्या वेळी या मुलींना बंद होती. वाळवंटातल्या या शाळेत मात्र त्या नवाहो आणि होपी मुलींच्या शेजारी बसून शिकल्या. त्या काळातल्या अमेरिकेत एवढ्या वेगवेगळ्या वंशांच्या मुली एका वसतिगृहात फार क्वचित दिसल्या असतील.

आणि भाषेचा फायदा. पोट दुखतंय असं सांगणाऱ्या बाईला कधीपासून, कुठे, जेवल्यावर की उपाशीपोटी, पाळी चुकली का, हे सगळं दुभाष्यामार्फत, बहुधा पुरुष दुभाष्यामार्फत, विचारणं आणि तिच्याच बोलीत, तिच्याच कुळाची ओळख सांगून विचारणं यात जमीन-अस्मानाचा फरक. नवाहो माणूस अनोळखी माणसाला भेटला की आधी आईचं कुळ, मग बापाचं कुळ सांगतो, आणि मग दोघांचं नातं लागतं का ते पाहतो. नर्स नवाहो असेल तर वॉर्डात तपासणीआधी नातं जुळायचं. कोणी आत्या निघायची, कोणी मावशी. अशा ठिकाणी बाई बाळंतपणासाठी येण्याची शक्यता वाढते, ॲपेंडिक्स फुटण्याआधी मुलगा आणला जाण्याची शक्यता वाढते. औषध तेच, डॉक्टर तोच, पण रुग्ण वेळेवर आला तर निकाल बदलतो.

‘परंपरा ही प्रगतीची शत्रू’

आता दुसरी बाजू. गॅनाडोच्या मिशनच्या आवारात एक पाटी लावलेली होती: परंपरा ही प्रगतीची शत्रू आहे. मिशनची भूमिका काय होती ते या एका वाक्यात आलं.

साल्सबरी मनाने मिशनरी होते आणि नवाहोंचे पारंपरिक उपचार त्यांना अंधश्रद्धाच वाटत. नवाहोंचे गायक-वैद्य, हताली, रोग्यासाठी विधी करतात ते कधी दोन रात्रींचे, कधी तब्बल नऊ रात्रींचे. रंगीत वाळूने जमिनीवर चित्रं रेखतात, रोग्याला त्यावर बसवतात, शेकडो ओळींची गाणी अचूक म्हणतात, आणि नातेवाईक, शेजारी सगळे जमतात. आजार म्हणजे माणसाचा जगाशी असलेला मेळ बिघडणं, आणि उपचार म्हणजे तो मेळ पुन्हा बसवणं, अशी ती दृष्टी. त्यात रोग्याला एकटं ठेवत नाहीत. मिशनच्या रुग्णालयात मात्र भेटीची वेळ ठरलेली आणि नातेवाईक दाराबाहेर.

शाळेतल्या मुलींनी चर्चला यायचं, प्रार्थनेला बसायचं, वॉर्डातही धर्मोपदेश चालायचा. म्हणजे मुलीला व्यवसाय मिळत होता, पण त्याबरोबर तिच्या आजीचं ज्ञान चुकीचं आहे असंही शिकवलं जात होतं. हे काही किरकोळ नव्हतं. निवासी शाळांनी ज्या समाजाची भाषा आणि विधी मोडायचा प्रयत्न केला त्याच समाजातल्या मुलींना मिशनही त्याच दिशेने ढकलत होतं, थोड्या मायेने, पण त्याच दिशेने. अमेरिकेतल्या आदिवासी निवासी शाळांबद्दल राष्ट्राध्यक्षांची औपचारिक माफी यायला ऑक्टोबर २०२४ उजाडावं लागलं.

मिशनच्या या पाटीला लोकांनी काय उत्तर दिलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी वाद घातला नाही. दोन्हीकडे जात राहिले. हाड मोडलं तर रुग्णालय, आणि घरी आल्यावर पडण्यामागचं कारण दूर करण्यासाठी विधी. रुग्ण मध्येच डिस्चार्ज न घेता विधीसाठी घरी निघून जायचा आणि विधी झाल्यावर परत यायचा. डॉक्टर चिडायचे. पण रोग्याच्या दृष्टीने त्याने दोन डॉक्टरांचा सल्ला घेतला होता. पुढे व्यवस्थेलाच हे मान्य करावं लागलं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस नवाहो मुलुखातल्याच रफ रॉक इथे तरुणांना हताली म्हणून तयार करण्याच्या कामासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने पैसे दिले. ज्याला गॅनाडोच्या पाटीने शत्रू म्हटलं होतं, त्याच परंपरेला सरकारी आरोग्य खात्यातून विद्यावेतन सुरू झालं.

जिथे नर्सही पुरी पडली नाही

क्षयाचं उदाहरण घेऊ. १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे औषध आलं आणि त्याच्या सुरुवातीच्या वापरात नवाहो रुग्ण होते. औषध होतं, पण महिनोन्‌महिने घरापासून दूर सॅनेटोरियममध्ये राहायला माणसं तयार नव्हती. अर्ध्यावर निघून यायची. हे चित्र पालटण्यात मोठा वाटा ॲनी वॉनिका यांचा. नवाहो पुढारी ची डॉज यांची ही मुलगी गॅनाडोच्या दक्षिणेला क्लेगेटो भागात राहायची. १९१८च्या इन्फ्लुएन्झात, शाळकरी वयात, तिने आजारी मुलांना भरवण्याचं काम केलं होतं. १९५१ मध्ये त्या नवाहो कौन्सिलवर निवडून आल्या आणि क्षयाचं काम अंगावर घेतलं. आधी स्वतः डॉक्टरांकडून सगळं समजून घेतलं, थुंकीतले जंतू सूक्ष्मदर्शकातून पाहिले, मग घरोघरी आणि सॅनेटोरियमच्या वॉर्डावॉर्डात जाऊन लोकांशी त्यांच्या भाषेत बोलल्या. हतालींना बाजूला न सारता त्यांच्याशीही चर्चा केली. १९६३ मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. मिशनच्या पाटीपेक्षा वॉनिकांची पद्धत जास्त उपयोगी ठरली, हे मी निःशंकपणे म्हणेन.

तरीही औषध, डॉक्टर आणि नवाहो नर्स एवढं असूनही एक गोष्ट सुटत नव्हती. गॅनाडोच्या उत्तरेला मेनी फार्म्स इथे कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने १९५५ ते १९६२ या काळात एक प्रयोग केला. सुमारे दोन हजार वस्तीला उत्तम दर्जाची वैद्यकीय सेवा द्यायची आणि काय फरक पडतो ते मोजायचं. नवाहो तरुण-तरुणींना ‘आरोग्य भेटकार’ म्हणून तयार करून घरोघरी पाठवलं. क्षय कमी झाला. कानाचे आजार घटले. पण लहान मुलांचा जुलाब आणि न्यूमोनिया फारसा हलला नाही. कारण घर तेच होतं, मातीची जमीन, एका खोलीत सगळे, पाणी मैलांवरून पिंपात आणलेलं. हात धुवायलाच पाणी नसेल तर दवाखान्यातली नर्स काय करणार?

आजही नवाहो मुलुखातल्या सुमारे तीस टक्के घरांत नळाचं पाणी नाही. २०२० मध्ये कोविड पसरला तेव्हा लोकसंख्येच्या मानाने बाधितांचं प्रमाण मे महिन्यात न्यूयॉर्कच्याही वर गेलं, त्यामागे हेही एक कारण होतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की १८६८ च्या तहाने नवाहोंसाठी पाण्याची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली नाही. मिशन, दानशूर संस्था, पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या, हे सगळं चालू आहे आणि चालू राहायला हवं. पण हक्क म्हणून यायचं पाणी दान म्हणून येतं तेव्हा ते कधीही थांबू शकतं, हे गॅनाडोच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

शाळा बंद झाली, रुग्णालय हाती आलं

साल्सबरी १९५० मध्ये निवृत्त झाले आणि पुढे ॲरिझोना राज्याच्या आरोग्य विभागाचे प्रमुख झाले. १९५१ मध्ये नर्सिंगची शाळा बंद पडली. नर्सिंगचं शिक्षण आता रुग्णालयांकडून महाविद्यालयांकडे सरकत होतं. मान्यतेच्या अटी वाढत होत्या, खर्च वाढत होता. आणि इतर शाळांची दारं आदिवासी मुलींसाठी थोडीफार उघडू लागली होती. या शेवटच्या कारणाचं श्रेय गॅनाडोच्या माजी विद्यार्थिनींना द्यायला हवं. ‘यांना जमणार नाही’ हे म्हणणं त्यांच्या निकालांनी अवघड करून ठेवलं होतं.

चर्चला रुग्णालय चालवणं झेपेना, तेव्हा १९६९ मध्ये ते ‘प्रोजेक्ट होप’ या स्वयंसेवी संस्थेकडे गेलं. पण तो मधला टप्पा होता. १९७४ मध्ये स्थानिक नवाहोंच्या संस्थेने, नवाहो नेशन हेल्थ फाउंडेशनने, कारभार हाती घेतला. आदिवासींनी स्वतः चालवलेली अशी खाजगी, सर्वांगीण आरोग्य व्यवस्था अमेरिकेत ही पहिलीच. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, आदिवासी जमातींना सरकारी सेवा करारावर स्वतः चालवता याव्यात असा कायदा झाला. गॅनाडोने हे पाऊल त्या कायद्याआधी टाकलं होतं.

या हस्तांतराकडे मी नर्सिंगच्या शाळेचा पुढचा धडा म्हणून पाहतो. चाळीसेक वर्षं नवाहो नर्स त्या वॉर्डांत ड्युट्या लावत होत्या, औषधांचे साठे मोजत होत्या, नव्या डॉक्टरांना कोणत्या घराशी कसं बोलायचं ते सांगत होत्या. मंडळावर कोण बसणार हा प्रश्न आला तेव्हा रुग्णालय चालवणं म्हणजे काय हे माहीत असलेली माणसं गावात होतीच. मदतनीसच घडवल्या असत्या तर १९७४ मध्ये कारभार घ्यायला बाहेरूनच कोणी आणावं लागलं असतं.

२००९ मध्ये नर्सिंगच्या शाळेच्या इमारतींना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. सेज मेमोरियल रुग्णालय आजही गॅनाडोत सुरू आहे, त्याचं मंडळ नवाहोंचं आहे, आणि मेनी फार्म्सच्या भेटकारांच्या धर्तीवर १९६८ पासून अमेरिकेतल्या आदिवासी भागांत सुरू झालेले सामुदायिक आरोग्य प्रतिनिधी नवाहो मुलुखात घरोघर फिरतात. मधुमेहाच्या रुग्णाची साखर तपासतात, म्हाताऱ्यांच्या गोळ्या डबीत भरून देतात, घरात पिण्याचं पाणी किती उरलंय ते विचारतात, आणि भेटीची सुरुवात आपलं कुळ सांगून करतात.